'ताकीद'चा वाक्यात उपयोग

गहिनीनाथने फळ्यावर 'ताकीद' लिहिलं आणि खडू खाली ठेवला. बीडच्या त्या क्लासमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी चाळीसेक मुलंमुली दाटीवाटीनं बसली होती.

"अर्थ?"

"सूचना, सर," पहिल्या बाकावरचा पप्पू म्हणाला.

"सूचना ऐकून सोडून दिली तरी चालते. ताकीद म्हणजे बजावून सांगणं. समोरच्याच्या कानावर पडली की नाही, हे सांगणाऱ्यानं बघायचं. आता वाक्यात उपयोग करा."

वह्यांवर माना झुकल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला. गहिनीनाथ खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि पाण्याचा आवाज थांबेपर्यंत वळला नाही.

अकरा वर्षांपूर्वी तो एका बंधाऱ्यावर नोकरीला होता. भाद्रपदातल्या एका दुपारी वरून फोन आला, पाणी सोडायचंय, आधी नदीकाठाला ताकीद द्या. भोंगा बंद पडलेला. काठानं चालत जायचं तर तासभर मोडला असता. त्यानं बंधाऱ्यावरूनच नजर टाकली, माणूस दिसला नाही. त्यानं दारं उघडली आणि वहीत नोंद केली, 'ताकीद दिली.' वळणापलीकडे एक मेंढपाळ मेंढरं धूत होता. चौकशीला आलेल्या साहेबांनी ती ओळ वाचली आणि वही मिटली. पुढच्याच वर्षी गहिनीनाथने नोकरी सोडली. पण पाणी कुठंही वाहू लागलं, अगदी बादलीत पडू लागलं, तरी त्यात त्याला मेंढरांचं ओरडणं ऐकू येई.

वह्या तपासताना एका ओळीवर त्याचा लाल पेन थबकला.

'बंधाऱ्यावरून ताकीद देऊनही माझे वडील नदीतून वर आले नाहीत.'

वही योगिताची होती. मागच्या बाकावर बसणारी, कधी न बोलणारी मुलगी. क्लास सुटल्यावर त्यानं तिला थांबवून घेतलं.

"कुठलं गाव तुझं?"

"युसूफ वडगावच्या पल्याड, सर. आमी मेंढरंवाले."

"वडलांचं नाव?"

"सटवा."

चौकशीच्या कागदात त्यानं ते नाव वाचलं होतं. कुणाच्या तोंडून मात्र ते आज पहिल्यांदाच ऐकत होता.

"हे तुला कुणी सांगितलं? ताकीद दिल्याचं?"

"सरकारी कागदातच हाय की, सर." योगिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आई अजून बापाच्या फोटोशी भांडती. म्हणती, सांगून बी पाण्यात कावून उतरलास? मेंढरं मोठी होती का आमी? हार घालू देत न्हाई फोटोला."

गहिनीनाथने लाल पेन उचलला. मग त्यानं 'देऊनही' या शब्दावर आडवी रेघ मारली, वर 'न दिल्यामुळे' लिहिलं आणि वही तिच्यापुढं सरकवली.

योगितानं ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"व्याकरण चुकलं का, सर?"

"व्याकरण बरोबर आहे," गहिनीनाथ म्हणाला. त्यानं आपली खुर्ची तिच्याकडे वळवली. "बस, बाळ." आणि तो स्वतः तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला.