सात नंबरचा गंज

दातवाल्या बाईंना गल्लीत नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी एका लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या बनवल्या. डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे यायचे, बाई मेणात एकेक दात बसवायच्या, हिरडीचा गुलाबी रंग जुळवायच्या. शिवाय त्यांचं एक खास कसब होतं. पांढरेशुभ्र दात खोटे दिसतात हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्या दातांना किंचित पिवळट झाक द्यायच्या, एखाद्या दातावर केसाएवढी चीर रंगवायच्या, चहा पिणाऱ्याला चहाचा डागही द्यायच्या. त्यांची कवळी घालून माणूस बायकोसमोर हसला तरी बायकोला शंका यायची नाही, असं लॅबचे मालक सांगत.

निवृत्तीनंतर हातांना काही उद्योग हवा म्हणून बाई प्लॅस्टिकची मॉडेलं जोडायला लागल्या. खोका आणायचा, त्यातल्या चौकटीतून चिमुकले भाग कापून काढायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. चार वर्षांत तीन विमानं, एक मालट्रक आणि एक रेल्वे इंजिन झालं. जोडण्यात त्यांच्यासारखे पुष्कळ होते. पण नवंकोरं मॉडेल ऊनपाणी खाल्लेलं, वापरून जुनं झालेलं दाखवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. दातांना डाग देणाऱ्या बाईला ट्रकला चिखल लावायला किती वेळ लागणार.

त्यांचा थोरला भाऊ, दादा, बंदरात तांडेल होता. मोठमोठ्या जहाजांना ढकलून धक्क्याला लावणाऱ्या ज्या छोट्या दांडग्या बोटी असतात, टग म्हणतात त्यांना, त्यातल्या सात नंबरच्या टगवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. डेकवरची माणसं, दोरखंड, साखळ्या, रंगरंगोटी, सगळं त्यांच्या ताब्यात. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी दगा दिला आणि ते लेकीकडे चौथ्या मजल्यावर राहायला गेले. त्यालाही अकरा वर्षं झाली. बंदराकडे पुन्हा जाणं झालं नाही. गेल्या वर्षी सात नंबर भंगारात निघाली, ही बातमी लेकीनेच आणली. दादा नुसतं "हं" म्हणाले आणि रेडिओ लावून बसले.

ते "हं" बाईंच्या मनात घर करून राहिलं. त्यांनी ठरवलं, दादाला सात नंबर करून द्यायची.

मॉडेलवाल्यांचा एक छोटा क्लब होता, तो चालवायचे एक घड्याळजी. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर हुबेहूब त्याच बांधणीच्या टगचा एक खोका निघाला.

"जपून हां बाई," घड्याळजी म्हणाले. "ही कंपनी बंद पडून वीस वर्षं झाली. एखादा तुकडा मोडला तर दुसरा मिळायचा नाही."

मोडण्याआधीच घोडं अडलं. बोटीच्या पोटाचे दोन अर्धे भाग होते, पण वीस वर्षं माळ्यावर तापून एक भाग केळ्यासारखा वाकला होता. बाईंनी तो गरम पाण्यात धरला, सरळ केला, रबरबँड लावून दोन्ही भाग चिकटवले. सकाळी पाहतात तर पुढच्या टोकाला नखभर फट. पुट्टी भरली, घासली. फट पुन्हा उघडली. पुन्हा भरली. तिसऱ्या खेपेला फट बसली, पण घासून घासून बोटीचं नाक बसकं झालं. मग ते नाक पुट्टीने वाढवलं.

नाक झालं तर खिडक्या रुसल्या. चालकाच्या केबिनला नऊ पारदर्शक खिडक्या होत्या. बाईंनी भरकन चिकटणारा गोंद वापरला आणि त्याच्या वाफेने नऊच्या नऊ काचा आंधळ्या झाल्या. त्या पॉलिश करण्यात एक आठवडा गेला. कठड्याचा एक तुकडा, केसापेक्षा जेमतेम जाड, चिमट्यातून जो उडाला तो बाईंनी बॅटरी घेऊन रांगत सगळी खोली पालथी घातली तरी सापडला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच चपलेच्या तळाला सापडला, तीन तुकडे होऊन. आणि बोटीच्या दोन्ही अंगांना भिजवून चिकटवायचे सातचे छापील आकडे पाण्यात सोडल्याबरोबर त्यांचा असा भुगा झाला की बाई वाटीकडे बघत नुसत्या बसून राहिल्या. शेवटी ते आकडे त्यांनी तीन केसांच्या ब्रशने हाताने काढले.

या सगळ्यात नाकी नऊ आले, पण एक गोष्ट त्यांना धीर द्यायची. आपल्या हातखंड्याचं काम अजून बाकी आहे.

त्यासाठी भाचीने मदत केली. ती दादांची मुलगी, शाळेत भूगोल शिकवायची. बंदराच्या कचेरीत कुणाकुणाला विचारून तिने सात नंबरचे तेवीस फोटो मिळवले आणि आत्याच्या फोनवर पाठवले. बाईंनी ते फोटो डोळ्यांत तेल घालून पाहिले. पाणी निचरायच्या भोकांखालून ओघळलेला तांबडा गंज. रंगाचे पोपडे. धुराड्याचं काळं तोंड. बाईंनी बोटीला आधी गंजाचा रंग दिला, तो ओला करून त्यावर मीठ भुरभुरलं, वरून काळा रंग फवारला आणि सुकल्यावर मीठ घासून काढलं, की खालचा गंज पोपड्यांतून डोकावतो. खडूची पूड करून ओघळ काढले. पाच आठवडे त्या एकेका फोटोशी एकेक डाग ताडून पाहत होत्या. झालं तेव्हा बोट हातात घेतली तर बोटांना गंज लागेल की काय असं वाटावं.

क्लबचं प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं, रविवारी सकाळी. बाईंनी दादांना काहीच सांगितलं नव्हतं. भाची त्यांना हाताला धरून, काठी टेकवत, टेबलापर्यंत घेऊन आली. घड्याळजी शेजारीच उभे होते. पाचसहा माणसं वाकून बघत होती.

दादांनी चष्मा पुसला. वाकले. त्यांनी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत बोट न्याहाळली. बाईंना वाटलं, भरून आलं असेल.

"ही कुठली बोट?" दादा म्हणाले.

"अरे दादा, सात नंबर. आकडा बघ ना."

"आकडा दिसतोय. पण ही माझी बोट नाही. माझ्या बोटीवर गंज नव्हता."

बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं. घड्याळजी सावरून घ्यायला पुढे झाले. "तांडेलसाहेब, हीच तर यातली कला आहे. जुनेपणा दाखवायचा."

"जुनेपणा वेगळा आणि घाण वेगळी," दादा म्हणाले. "एकतीस वर्षं मी त्या बोटीवर तांदळाएवढासुद्धा डाग राहू दिला नाही. गंज दिसला की खरवडायचा, लाल रंग मारायचा, वरून काळा. माझ्या हाताखालची पोरं मला शिव्या द्यायची. असली बोट घेऊन मी धक्क्याला लागलो असतो तर लाज वाटली असती मला."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात महिने. नऊ खिडक्या. त्यांनी फोन काढला आणि दादांच्या नाकासमोर धरला. "मी मनाने नाही केलेलं. हे बघ. फोटोत आहे तेच केलंय. हा ओघळ बघ, हा इथे आहे. हा पोपडा, हा इथे."

दादांनी फोन हातात घेतला. एक फोटो पाहिला. भाचीने पुढचा सरकवून दिला. मग त्याच्या पुढचा.

"हे कधीचे?"

"गेल्या वर्षीचे," बाई म्हणाल्या. "भंगारात जायच्या आधीचे."

म्हणता म्हणता त्यांना कळलं आपण काय केलं ते. दादांनी बोट शेवटची पाहिली ती स्वतः रंगवून. त्यानंतर ती कुणी रंगवलीच नाही, हे त्यांना आतापर्यंत ठाऊक नव्हतं. ते आपण त्यांना तपशीलवार, डागाडागाने, चारचौघांत सांगितलं होतं.

दादांनी फोन परत दिला. "घरी जाऊ या," ते लेकीला म्हणाले.

दुपारी त्या बोटीला पहिलं बक्षीस मिळालं. घड्याळजींनी हात जोडून सांगितलं, असा गंज त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बाईंनी प्रमाणपत्र पिशवीत कोंबलं आणि ते दुमडलं तरी सरळ केलं नाही.

तीन दिवस त्या स्वतःशीच भांडत होत्या. वाईट वाटत होतं हे खरं, पण राग त्याहून मोठा होता. एक शब्द चांगला बोलला नाही माणूस. चौथ्या दिवशी त्या बोट खोक्यात घालून भाचीच्या घरी गेल्या.

"तुला नको असेल तर तसं सांग," त्या दारातूनच म्हणाल्या. "मी क्लबला देऊन टाकते."

"मला विचारायचं होतंस," दादा खुर्चीतून म्हणाले.

"विचारलं असतं तर गंमत काय राहिली असती?"

"कुणाला झाली गंमत?"

"आयुष्यात कधी माझ्या कामाला बरं म्हणालास तू? तोंडात माझीच कवळी घालून माझ्यावरच गुरगुरतोस."

"खालची हलते," दादा म्हणाले.

स्वयंपाकघरात भाचीच्या हातून झाकण पडलं. हसू दाबताना पडलं हे दोघांनाही कळलं, पण दोघंही हसले नाहीत.

थोड्या वेळाने दादांनीच खोका जवळ ओढला. बोटीवर बोट ठेवून सांगायला लागले. नांगराची साखळी जिथून निघते तिथे खाली गंज यायचा, तो कुणाच्या बापाला थांबवता आला नसता. दोर बांधायचे खुंटे घासून आरशासारखे चकचकीत. डेक हिरवा, पण मधोमध चालून चालून फिका. बाईंनी सगळं कागदावर उतरवून घेतलं. मनात म्हणत होत्या, हे सात महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर.

घरी येऊन त्यांनी रंग उतरवायला घेतला, आणि मग खरे हाल सुरू झाले. रंग उतरवायच्या पाण्याने रंगाबरोबर पुट्टीही सुटली आणि पुढची ती फट, जिला तीनदा बुजवलं होतं, पुन्हा आ वासून उभी राहिली. कठडे चार ठिकाणी मोडले. मिठाचे बारीक खड्डे राहिलेच. वरून काळा रंग मारला की बोटीला देवीचे व्रण असावेत तसं दिसायचं. घासलं, पुन्हा मारला. आगीतून फुफाट्यात. एकदा तर त्यांनी ब्रश भिंतीवर फेकला आणि मग भिंत पुसत बसल्या.

दर आठवड्याला बोट दादांकडे जायची आणि दर आठवड्याला परत यायची.

"हिरवा जास्त निळा झालाय."

"धुराडं इतकं काळं कशाला?"

"कठडा फार बारीक वाटतो. आमचा एवढा बारीक नव्हता."

"दादा, हे खरं माप आहे. कंपनीने मोजून केलंय."

"कंपनीने नवा कठडा मोजला असेल. आम्ही त्यावर एकतीस वर्षं रंग चढवत होतो. अंगठ्याएवढा झाला होता."

हे ऐकल्यावर बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी पर्समधून सर्वांत बारीक ब्रश काढला, काळ्या रंगाची डबी उघडली आणि ते सगळं दादांच्या पुढ्यात आपटलं.

"घे. तूच कर. मला जमत नाही तुझी बोट."

दादांनी एकदा ब्रशकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग तो ब्रश बाजूला ठेवून म्हणाले, "हा कसला ब्रश? याने काय भुवया रंगवायच्या आहेत? जाड दे."

बाईंनी जाड दिला. पहिलाच फटकारा कठड्यावरून घसरून केबिनच्या भिंतीवर गेला. रंगाचा थेंब फुगला, लोंबला आणि डेकवर पडला. बाईंना ते बघवेना. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भाचीच्या समोर स्टुलावर बसल्या.

"आत्या, थांबवू का त्यांना?"

"राहू दे." मग जरा वेळाने, "नाही, थांबव." मग, "नको, राहू दे."

अर्ध्या तासाने दोघी बाहेर आल्या. कठड्याचे सगळे बारीक कोन रंगात बुडून गोल झाले होते. एका खिडकीची कड बुजली होती, तीच खिडकी जिच्यावर बाईंनी दोन दिवस पॉलिश केलं होतं. नांगराजवळ मात्र दादांनी रंग मारला नव्हता. बाईंनी तिथे नव्याने काढलेला तेवढा गंज ठेवला होता. तोंडाचा चंबू करून ते खुंट्यावरचा रंग नखाने खरवडत होते, चकचकीत निघावा म्हणून.

"आता जरा आमची दिसायला लागली," दादा म्हणाले.

घड्याळजींनी पाहिलं असतं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि ते कौतुकाचं नसतं. बाईंनी थिनरमध्ये कापूस बुडवला आणि डेकवरचा तो थेंब टिपायला हात पुढे केला.

"तो असू दे," दादा म्हणाले. "सुकला की वरून दुसरा हात मारीन."

"अजून एक?"

"एका हातात भागतंय होय. तीन तरी लागतात. रंग जरा जास्त आण पुढच्या वेळी, ही डबी पुरायची नाही."

बाईंच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. ते गिळून त्यांनी जाड ब्रश मोरीत नेला आणि केसांमधला काळा रंग निघेपर्यंत, दात ओठ खात, तो धूत राहिल्या.