पलंगाची मध्यरेषा

टण्! वाटीवर चमचा आपटला आणि दुपारची शांतता मोडली. ती सासूबाईंची घंटा. मी ओट्याशी उभी राहून पाठांतर करत होते : फ्लेक्शन म्हणजे वाकवणं, एक्स्टेंशन म्हणजे सरळ करणं, मीडियल म्हणजे मध्यरेषेकडे, लॅटरल म्हणजे तिच्यापासून दूर.

"आले आई!"

"सावकाश ये गं. मी काही पळून जात नाही."

महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडून त्यांचा उजवा खुबा मोडला. तिथे नवा सांधा बसवला, पण अजून वॉकर धरून उभं राहायचं तरी आधाराला दोघं लागतात. पुढे चालणं कितपत जमेल ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत. व्यायाम घ्यायला थेरपिस्ट ताई रोज यायच्या, त्यांची कालची खेप शेवटची. आता व्यायाम मी घ्यायचा आणि अडलं तर फोन करायचा. "फोनवर मला 'इकडे-तिकडे' सांगू नका हं, मला काही दिसत नसतं," असं म्हणून त्यांनी हे शब्द चार पानांवर लिहून दिले होते. तळाशी लाल शाईत एक ओळ होती : पायाने मध्यरेषा ओलांडता कामा नये, सांधा निखळू शकतो.

ताई यायच्या त्या वेळेला मी नेमकी खारूला शाळेतून आणायला गेलेली असायचे. त्यामुळे त्यांना व्यायाम घेताना मी एकदाही धड पाहिलं नव्हतं. आता जी काही भिस्त होती ती या चार पानांवर.

"आज कोणता छळ?" सासूबाईंनी विचारलं.

"अ‍ॅबडक्शन. पाय मध्यरेषेपासून दूर न्यायचा, दहा वेळा."

"नावच एवढं दांडगं, तर व्यायाम कसा असेल!"

खारू म्हणजे माझी पाच वर्षांची लेक. ती आकडे मोजायला उशाशी येऊन बसली. सासूबाई मोठ्या पलंगाच्या डाव्या काठाला झोपतात, खिडकीजवळ. दोन पायांमधली उशी मी काढली. पलंगाचा मध्य त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे तिकडे न्यायचा नाही, असा हिशोब मनात पक्का केला आणि त्यांचा उजवा पाय हळूच डावीकडे नेऊ लागले. दुसरा पाय आड आला, तर वर मीच म्हणाले, "आई, डावा जरा सरकवा ना."

त्यांनी निमूटपणे सरकवला.

"एक... दोन..." खारू मोजत होती. मग थांबली. "आई, आजीने चादर मुठीत धरलीये."

मी पाय होता तिथेच थांबवला. "दुखतंय का आई?"

"थोडं. तुझा अभ्यास चाललाय, मध्ये कशाला बोलायचं?"

"अहो आई, पाय आहे तो तुमचा! माझी पाटी आहे का गिरवायला?"

पाय अलगद जागेवर आणून मी फोन लावला. काय केलं ते सांगताना माझं मलाच कळत गेलं. ताईंनी मला मध्येच थांबवलं.

"अहो, मध्यरेषा पलंगाला नसते. माणसाला असते. आधी ती उशी परत ठेवा. ठेवली? आता घाबरू नका, नीट बघा आणि सांगा. पाय आखूड वाटतोय?"

मी दोन्ही टाचा ताडून पाहिल्या. "नाही. लांबी सारखी आहे."

"आत वळलाय?"

"मीडियल रोटेशन नाही. दोन्ही पायांची बोटं छताकडे."

"घोटा?"

"फ्लेक्शन, एक्स्टेंशन, दोन्ही होतंय."

"आणि दुखणं?"

"थांबलं म्हणावं," सासूबाई पलंगावरूनच ओरडल्या, "आणि चहा कधी मिळणार ते विचार."

ताईंना हसू फुटलं. "सांधा जागेवर दिसतोय. आज मात्र आणखी काही करू नका, संध्याकाळी मी येऊन बघून जाते. आणि एक लक्षात ठेवा. माणूस झोपलेला असो, कुशीवर असो, मनात त्याला सरळ उभं करायचं. हात बाजूला, तळवे पुढे. मग कपाळापासून खाली एक रेघ ओढायची. आत-बाहेर जे काय मोजायचं ते त्या रेघेपासून."

फोन ठेवला आणि मला रडू कोसळलं. सासूबाईंनी माझी वेणी धरून हलकेच ओढली.

"पुरे. माझा लेक एवढा धिप्पाड, पण या पायाला बोट लावायला घाबरतो. तू चुकलीस, पण हातात तरी घेतलास."

"उद्या नीट घेईन, आई."

"घे की. आहेच इथे मी."

मी डोळे मिटले आणि ताईंनी सांगितलं तसं सासूबाईंना उभं करायला लागले. आधी पावलं, मग गुडघे, मग तो नवा सांधा, मग खांदे.

"डोळे मिटून काय करतेस?" खारूने विचारलं.

"आजीला मनात उभं करतेय."

"राहिली उभी?"

"राहिली."

"सरळ?"

"एकदम सरळ."

खारू जवळ सरकली. सासूबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या; त्याही ऐकत असाव्यात.

"मग चालते का गं ती," खारू म्हणाली, "कुणाला न धरता?"