कोरीटच्या पवनचक्कीने पाहिलेली दुपार

मित्रांनो, मी कोरीटच्या शिवारातली एक जुनी पवनचक्की. माझी लांबलचक पाती मोठ्या ट्रेलरवरून आली, तेव्हा वाटेतल्या विजेच्या तारा उतरवाव्या लागल्या होत्या. मिरचीच्या शेतात मला उभं केलं. नवरानवरी माझ्यापुढे फोटो काढायचे. मला फार अभिमान वाटायचा.

माझी देखभाल अजित आणि अमृत करत. एक वर चढे, दुसरा खाली थांबे. पुढे कंपनीने माणसं कमी केली. अमृतचं काम गेलं. वैशाखात माझ्यात बिघाड झाला, तेव्हा साहेब फोनवर म्हणाले, "किरकोळ काम आहे. एकटाच जा."

अजित एकटाच आला. माझ्या पोटातली लोखंडी शिडी उन्हाने भाजत होती. त्याला भोवळ आली, पाय निसटला आणि तो शिडीला अडकवलेल्या कमरेच्या पट्ट्याला लटकला. फोन खाली पडून फुटला. पाय बधिर झाले. तो पान्याने माझ्या भिंतीवर ठोकू लागला.

माझ्या सावलीत बकऱ्या घेऊन बसलेल्या भुरीबाईने ते ऐकलं. तिने माझ्या पायथ्याचं दार उघडलं.

"कोन शे रे मझार?" तिने आत डोकावून विचारलं.

"मी अजित, मावशी. पट्ट्याले लटकेल शे. पाय हालत नही."

शेजारच्या शेतात गोपाल मिरचीला पाणी भरत होता. ती ओरडली, "गोपाल, पय! मानसं बलाव!" तो गावाकडे पळाला. मग तिने लुगड्याचा काचा मारला आणि ती म्हातारी माझी शिडी चढली. त्याच्या मांडीखाली खांदा घालून तिने त्याचा भार पेलला. पट्टा जरा सैल झाला. त्याला श्वास आला.

"मावशी, माले सोडू नको."

"नही सोडस. तू बोलत ऱ्हाय."

तो आपल्या पोरीबद्दल, दिपालीबद्दल, बोलला. मग आवाज बारीक झाला. मग आलाच नाही. भुरीबाई मात्र बोलत राहिली. खांदा तिने काढला नाही. मला हात असते तर!

गोपाल माणसं घेऊन आला, वर चढला, अजितच्या गळ्याशी बोटं धरून पाहिली. हळूच म्हणाला, "काकू, आते सोडा."

"त्यानी सोडू नको सांगेल शे," ती म्हणाली. तिचे हात माणसांना सोडवावे लागले.

तिसऱ्या दिवशी मला पुन्हा सुरू केलं. वारा चांगला होता.

मित्रांनो, घरात दिवा लागला की एवढं विचारत जा, यासाठी उंचावर कोण चढलं होतं? आणि तो खाली उतरला का?