तेरा गड्यांचं कढत पाणी

मित्रांनो, नाकं मुरडण्याआधी ऐकून घ्या. मी एक जुना लोखंडी टब आहे. तेरा दांडगे खाणकामगार एकदम माझ्यात बसत आणि उठत, तेव्हा पाणी काळं कुळकुळीत झालेलं असे. मला त्याची कधीच लाज वाटली नाही.

इंग्लंडच्या उत्तरेला, कंबरलंडच्या किनाऱ्यावर स्कारबेक नावाचं गाव आहे. तिथल्या कोळसा खाणीतला बॉयलर फुटला, तो मधोमध कापून मला घडवलं. माझा दुसरा अर्धा भाग डुकरांना खाणं घालायला गेला. मी गेलो रग्बीच्या मैदानावर. हा खेळ पूर्वी पंधरा जणांचा होता. सामन्यापायी कामाची पाळी बुडाली तर तेवढी मजुरी भरून द्या, असं कामगार म्हणाले. बड्या लोकांनी साफ नाही म्हटलं. मग उत्तरेतल्या गिरणी-खाणीवाल्यांनी वेगळी चूल मांडली आणि पुढे गडीही तेरा केले. हीच रग्बी लीग. गावोगावचे संघ, जिल्ह्याची समिती, सामन्यांची यादी, सगळं आपलं आपण.

समितीचा एक नियम होता. सामना संपताच पाहुण्या संघाला कढत पाणी, आणि तेही यजमानांच्या आधी. पाणी नाही, तर यादीत नाव नाही. आमचं पाणी खाणीच्या भट्टीवर तापायचं. एका हिवाळ्यात खाण बंद पडली, नळ गार पडला, आणि शनिवारी समितीचे चिटणीस फिअरन वही घेऊन हजर झाले.

मध्यंतराला त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं. मी कोरडा ठणठणीत.

"हॅनाबाई, उगाच हट्ट करू नका," ते म्हणाले. हॅना मॉसप संघाचे कपडे धुवायची. नवरा गेल्यापासून क्लबचा कारभारही तिच्याच हातात होता. "पोरांना शेजारच्या एलरबीच्या संघात पाठवा. खाण गेली, आता गावात राहिलंय काय?"

"एलरबीत? त्यापेक्षा मीच उतरते मैदानात," हॅना म्हणाली. "शिट्टी अजून वाजायचीय, साहेब. पेन्सिल खिशात ठेवा."

फिअरन मनाने वाईट नव्हते, पण मला त्यांचा भयंकर राग आला. अंगात पाणी असतं तर नुसत्या रागाने उकळलो असतो.

शेवटची शिट्टी वाजली. आम्ही हरलो होतो. त्याच क्षणी मैदानासमोरच्या दोन्ही आळ्यांतली दारं धडाधड उघडली. मध्यंतरापासून घराघरांत पाणी चढवलेलं होतं. बायका, म्हातारे, खाणीतलं काम सुटलेले गडी रस्त्यावर ओळीने उभे राहिले आणि हातोहात बादल्या, किटल्या, मटणाच्या रश्श्याची पातेली माझ्यात रिकामी होऊ लागली. एकात कांद्याचा तुकडा राहिला होता. तो मला अजून आठवतो.

पाहुणे आधी उतरणार, तेवढ्यात फिअरनांनी नियमाप्रमाणे हात बुडवला आणि झटकन मागे घेतला.

"भाजलं?" हॅनाने विचारलं. "मग लिहा तसं."

त्यांनी लिहिलं. आमची पोरं मागाहून त्याच गढूळ पाण्यात बसली आणि जिंकल्यासारखी गात राहिली.

अकरा हिवाळे दर सामन्याला तशाच बादल्या आल्या. मग शॉवर बसले आणि मला शेडमागे टाकलं.

आता समितीचं नवं पत्र आलंय. तेरा गडी जमवताना तुमची दमछाक होते, तर एलरबीत मिसळून जा म्हणे. आमच्यातलेच काही जण माना डोलावतायत. तेच माझ्यात माती भरून फुलझाडं लावणार आहेत, आठवण म्हणून. पहिलं पोतं माझ्याशेजारी येऊन पडलंसुद्धा.

मित्रांनो, आठवण गेलेल्यांची काढतात. मी गेलेलो नाही आणि स्कारबेकही गेलेलं नाही. माझा गंज घासा, बूड ठोकून पाहा, थेंब गळणार नाही. जुन्या वस्तूवर माया असेल तर तिला काम द्या. तेरावा गडी मिळत नसेल तर त्या दोन आळ्यांत जाऊन दारं ठोठावा. ती एकदा उघडली होती, मी पाहिलंय. आणि ते मातीचं पोतं आधी परत न्या. माझ्यात पाणी भरतात.