घरचं कमळ

"मामा, सगळीच कापता का काय?" रेणुकानं गच्चीच्या दारातूनच सासऱ्याला विचारलं.

सूर्यभान कमळाच्या सिमेंटच्या टाकीत दंडापर्यंत हात बुडवून बसला होता. "पानं बघ कशी कुजलीत. एकदाचं साफ करून टाकतो."

"पर आत्याबाई पाण्यात हात घालून नाई कापत."

"तुझ्या आत्याबाईला नीटनेटकं कवा जमलंय?"

सूर्यभाननं चिक्कडपल्लीच्या एका कचेरीत अटेंडर म्हणून उभा जन्म काढला होता. त्यानं पुसलेल्या टेबलावर माशीसुद्धा विचार करून बसायची. निवृत्त झाला तरी त्याचे हात शिवशिवत. बायको मनकर्णा भाच्याच्या लग्नाला नांदेडला गेली आणि नल्लकुंट्याच्या त्या गच्चीवर त्याला रान मोकळं मिळालं. त्यानं एकूण एक पान बुडापासून, पाण्याखाली कापलं. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती म्हणून फक्त दोन कळ्या ठेवल्या.

ते कमळ मनकर्णाच्या आईचं. गावच्या तळ्याच्या पायऱ्या त्यांच्या लोकांना बंद होत्या, तेव्हा म्हशी उतरायच्या त्या बाजूनं चिखलात शिरून आईनं गड्डा उपटून आणला होता. लेकीला लग्नात दुसरं काही देता आलं नाही, तो दिला. आता गावात तळंही नाही आणि आईही नाही. दर बुद्धपौर्णिमेला मनकर्णा त्यातलं एक फूल विहारात न्यायची. बायका त्याला मनकर्णाचं कमळच म्हणायच्या.

थोड्याच दिवसांत टाकीतल्या पाण्याला वास सुटला. सूर्यभाननं पाणी बदललं, खत घातलं. तरी कळ्यांनी माना टाकल्या. "फोनवर बोलू नको काही," त्यानं रेणुकाला बजावलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मनकर्णा आली. पिशवी दारात ठेवून थेट गच्चीवर गेली. तिनं चिखलात हात घातला, तर हाताला काळा लगदा लागला.

"कुठून कापलं?"

"बुडातून. एकदम साफ."

"अव्हो, त्याचा देठ पोकळ असतो. आत नळ्या असतेत. पानातून हवा खाली उतरती अन् तिच्यावर चिखलातला गड्डा जगतो. पाण्याच्या वर कापलं तर देठाचं तोंड उघडं राहतं, दम घ्यायला. खाली कापलं की पाणी आत शिरतं." तिनं हातातला लगदा पाण्यात सोडला. "बुडून मेलं ते."

"मला काय माहीत? कुणी सांगितलं का?"

"मी सांगितलं. दर साली सांगितलं. तुम्ही नुसतं हौ, हौ म्हणायचे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. सूर्यभान आठवू लागला. तिनं सांगितलेलं काही आठवेना, आपलं हौ तेवढं आठवलं. त्याला फार वाईट वाटलं. कमळाचं वाटलंच, पण इतक्या वर्षांत तिनं आणखी काय काय सांगितलं असेल आणि आपण ते हौ म्हणून सोडून दिलं असेल, याचं जास्त वाटलं.

सकाळी उठून तो गौलीगुड्याच्या बाजारात गेला आणि एक टपोरं गुलाबी कमळ घेऊन आला.

"चालंल का?" त्यानं दारातच विचारलं.

"फूलच हाय ते," मनकर्णा म्हणाली. तिनं देठ ओल्या फडक्यात गुंडाळला आणि पांढरं लुगडं नेसायला आत गेली.

विहारात गर्दी होती. त्रिसरण झालं, पंचशील झालं. खोटं बोलणार नाही, हे शील सगळ्यांबरोबर मनकर्णानंही हात जोडून घेतलं. मग फुलं वाहायला बायका उठल्या. शेजारच्या गल्लीतल्या भामाबाईंनी तिच्या हातातल्या फुलाकडं कौतुकानं पाहिलं.

"यंदा लई मोठं उमललं की गं मनकर्णाबाई! घरचंच ना?"

पुरुषांच्या बाजूला बसलेल्या सूर्यभाननं मान खाली घातली. त्याला वाटलं, आता सांगेल. सांगावंच तिनं.

"घरचंच हाय," मनकर्णा म्हणाली.

तिनं फूल मूर्तीपुढं ठेवलं आणि जमिनीला कपाळ टेकलं. मागच्या बायका खोळंबल्या, भामाबाईंनी खांद्याला हात लावला, तरी ती लवकर उठली नाही.