टोपीचा काठ

धाकटीला पहाटे मुलगा झाला. मेलेलाच झाला. दुपारी सुतार पेटी घेऊन येणार होता, आणि माझ्या या बहिणीने एकच गोष्ट मागितली होती: आत्याने केलेली टोपी घालूनच बाळाला न्यायचं.

टोपी तयार होती. तिच्या काठाची लेस मात्र आत्याच्या टाचण्या टोचलेल्या, लेस विणायच्या उशीवर अजून वीतभर विणायची राहिली होती. आत्या धाकटीच्या खाटेशेजारीच उशी घेऊन बसली. दोरा गुंडाळलेल्या लाकडी बॉबिनी नेहमीच्याच संथ चालीने खडखडत होत्या, आणि मला त्या चालीचा संताप येत होता.

या लेसच्या कडेला दोऱ्याच्या बारीक कड्या असतात. दोन दोऱ्यांना एकमेकांत पीळ द्यायचा, टाचणीभोवती फिरवायचे, झाली कडी. पीळ कमी पडला तरी टाचणी आहे तोवर काही कळत नाही. टाचणी निघाली, लेस एकदोनदा धुतली, की कडी फाकते आणि काठ दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. म्हणून आत्या पीळ भरपूर देते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आमचे बाबा आपल्या या बहिणीबद्दल म्हणायचे, आणि तिला ते कौतुक वाटायचं.

आज जरा भरभर हात चालव, असं मी तिला सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. उलट एक कडी मनासारखी बसली नाही म्हणून तिने ती सोडवून पुन्हा घेतली. तेवढ्यात सुतार आला. तो बिचारा पेटी शेजारी ठेवून पायरीवर बसून राहिला.

तेव्हा धाकटी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "आत्या, ती टोपी आता कोण धुणार आहे गं?"

बॉबिनी थांबल्या. आता ही रडणार, असं मला वाटलं. पण आत्याने दोन्ही दोरे पुन्हा बोटांत घेतले.

"बाळाचं आहे ते," ती म्हणाली. "मला दुसऱ्या तऱ्हेने येत नाही."

आणि तिने पुरता पीळ दिला.

शेवटची टाचणी निघाली तेव्हा एकही कडी फाकलेली नव्हती. मी घाईघाईने लेस टोपीला शिवली. राग कधीच गेला होता. धाकटी उठून बसली, तिने बाळाला मांडीवर घेतलं आणि टोपी घातली. ती सरकून थेट त्याच्या नाकापर्यंत आली. एवढासा चेहरा, निम्मा झाकूनच गेला.

धाकटीने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान खाली घातली आणि मग ती रडली. सगळ्यांच्या बाळांची करते तशीच तिने ही टोपीसुद्धा वाढत्या अंगाची केली होती.