देवानं कातलेला दोरा

त्या गुरुवारी तारनाक्याच्या आमच्या घराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत माझे सासरे आबासाहेब सदरा वर करून निजले होते आणि त्यांच्या बेंबीखालच्या जखमेतून देव दोरा देत होता. अख्खी गल्ली तो बघायला लोटली होती.

उशाशी सूत्रानंद महाराज. जखमेतून डोकावणारं टोक ते चिमट्यानं ओढत, तुकडा कापत आणि लाल नाड्यात गुंडाळून लेकरांच्या मनगटाला बांधत. "पोटात चरखा चालू है जी," ते म्हणत. "डॉक्टरला दाखवला की देव उठून जाईल." हे शेवटचं ते कधी विसरत नसत. पुवाला त्यांनी तीर्थ म्हटलं नाही, एवढाच काय तो उपकार.

आबासाहेब तापानं फणफणले होते. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणत, "नक्को."

मी शाळेत विज्ञान शिकवते. एरवी असल्या बुवांची विक्रम, माझा नवरा, माझ्याहून जास्त टिंगल करतो. पण त्या दिवशी तो बाहेर बसून लोकांच्या चपला जोडीनं लावत होता. जखम वर्षापूर्वीच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या टाक्यांवरच आहे, असं मी म्हटलं तेव्हा त्यानं मान वर केली नाही.

मी एक तुकडा स्वयंपाकघरात नेऊन गॅसवर धरला. सूत जळून राख होतं. हा दोरा आक्रसला, वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. मागे विक्रम उभा होता.

"ऑपरेशनमध्ये पोटात बसवलेली जाळी आहे ती," तो म्हणाला. "प्लास्टिकची. अमेरिकेची."

परदेशी कंपन्या आल्यापासून आबासाहेबांनी बाहेरचा साबणसुद्धा वर्ज्य केला होता. म्हणून विक्रमनं त्यांना नुसते टाके घातल्याचं सांगितलं होतं. मग त्यानं मला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. शरीराला अशी जाळी पचवता येत नाही. ते तिला वेढतं, आणि मांडवावर कारल्याचा वेल चढावा तसं मांस तिच्या भोकांतून वाढून तिला धरून ठेवतं. बहुतेकांची ती अशीच जन्मभर राहते. पण जंतू तिच्यावर ठाण मांडून बसले तर पू होतो, जखम भरत नाही आणि सुटे धागे बाहेर येतात. तसं झालं तर ताबडतोब आणा, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आता कोणत्या तोंडानं सांगू?" त्यानं विचारलं.

"ह्याच तोंडानं. उशीर झाला तर ऐकायला ते नसतील."

तो आत गेला आणि सगळ्यांसमोर त्यानं एक तुकडा काडीनं पेटवला. देव कोपला म्हणून वितळला, असं महाराज म्हणाले. मी कपडे वाळत घालायच्या नायलॉन दोरीचं टोक पेटवलं. त्याचाही मणी झाला. कोपायला आता दोरीतही देव हवा होता. महाराजांनी दानपेटी काखेत मारली. चपला विक्रमनं लावलेल्याच होत्या, त्यामुळे त्यांना शोधाव्या लागल्या नाहीत.

विक्रमनं वडिलांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. आबासाहेबांनी सदरा खाली ओढला.

"सांगितलं असतास तर चिडलो असतो," ते म्हणाले. "पण ह्या बुवाला पोट दाखवलं नसतं. ऑटो बोलाव."

दवाखान्यात सडलेली जाळी काढली. ते वाचले.

मग विक्रम कात्री घेऊन दारोदार फिरला. लेकरांच्या मनगटाचे दोरे कापताना प्रत्येक आईला सांगत होता, "हे माझ्या वडिलांच्या पोटातलं प्लास्टिक आहे. मी त्यांना सांगितलंच नव्हतं."

महाराजांना हातचलाखी करावीच लागली नाही, आमच्या घरातल्या खोट्यावर त्यांचं भागलं. म्हणून सांगते, जखमेतून काही निघालं तर आरती नको, डॉक्टर गाठा. आणि माणसाच्या अंगात काय घातलंय, ते आधी त्याला सांगा.